बाराखडी येते ना तुला?

अगं, परवा तू माझ्या शेजारी बसून ते पत्र टाइप करत होतीस ना, तेव्हा मी मुद्दामच काही बोलले नाही. खाली ट्रक उभा होता, पॅकिंग लिस्ट जायची होती, आणि अशा घाईत कुणी शिकवायला लागलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. पण मी बघत होते. 'आम्ही' हा एवढासा शब्द. तू आधी 'वो' टाइप केलंस, खाली यादी उघडली, त्यातलं एक अक्षर निवडलंस. मग 'मन' टाइप केलंस, पुन्हा यादी, पुन्हा निवड. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक अक्षर वेचत तू चार ओळी लिहिल्यास. डोळे एकदा कीबोर्डवर, एकदा यादीवर, एकदा हातातल्या कागदावर. आणि शेवटी डाव्या हाताने उजवं मनगट दाबत बसलीस.

रात्री तुझा मेसेज आला. ताई, मी वूबी शिकू का? लाइनवरच्या चिनी बाई त्यात टाइप करतात, त्यांची बोटं दिसतसुद्धा नाहीत.

मेसेजवर एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून आज निवांत बसून सांगते. मला विचारशील तर वूबी नको, निदान आत्ता तरी नको. तुझ्यासाठी दुसरी वाट आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला ती आपल्याच गल्लीतली वाटावी इतकी ओळखीची आहे. पण त्या वाटेला लागायच्या आधी एक सवय मोडायला हवी. ती मोडली नाहीस तर पद्धत कुठलीही घे, मनगट दुखायचंच.

ती सवय म्हणजे सुटं अक्षर लिहिण्याची. त्यात तुझा दोष नाही गं. आपण सगळ्याच चिनी तसं शिकलो. चौकटीची वही, एका चौकटीत एक अक्षर, त्याच्या डोक्यावर उच्चार, बाजूला अर्थ. परीक्षेलाही तसंच विचारतात. त्यामुळे मशीनलाही एकेक अक्षर भरवायचं असतं असं वाटून बसतं. पण हिशोब बघ. चिनी भाषेत सूर बाजूला ठेवले तर सगळे मिळून सुमारे 400 उच्चार आहेत. चीन सरकारने 2013 साली प्रमाण अक्षरांची यादी काढली, तिच्यात 8105 अक्षरं आहेत. म्हणजे एका उच्चारामागे सरासरी वीस अक्षरं रांगेत उभी, आणि 'शी' किंवा 'यी' म्हटलंस तर त्याहून कितीतरी जास्त. त्या गर्दीतून एकाला हाक मारायची तर यादी उघडणारच. तेच दोन उच्चार जोडून दिलेस की गर्दी ओसरते, आणि तीन दिलेस की बहुतेक वेळा हवा तो शब्द पहिल्या जागेवर येऊन थांबतो.

तुमच्या शेडमधली क्रेनच घे. 'छी-चुंग' एवढंच दिलंस तर 'त्यांपैकी' येईल, 'सत्राच्या मध्याचा' येईल, 'वजन उचलणं'ही येईल. त्याला पुढे यंत्र या अर्थाचा 'ची' जोडून टाक आणि मग स्पेसबार दाब. क्रेनच येईल, यादीकडे बघायचीही गरज नाही. आणि अख्खं वाक्य सलग दिलंस तर त्याहून बरं, कारण पुढचा शब्द आला की मागच्या शब्दाचा अंदाज मशीन स्वतःच सुधारून घेतं. तू मध्येच थांबून निवड करतेस तेव्हा त्याची ती मदतच तू नाकारतेस. म्हणून पहिला आठवडा एवढंच कर. पाच-सहा शब्दांचा तुकडा एका दमात टाइप करायचा, तोपर्यंत वर बघायचं नाही. मन घाबरेल, चूक झाली असेल असं वाटेल, बोट आपोआप थांबेल. थांबू देऊ नकोस.

नावं लिहिताना मात्र सुटं अक्षर लागतंच. त्याला एक छान युक्ती आहे आणि ती मला फार उशिरा कळली. हवं ते अक्षर ज्या ओळखीच्या शब्दात आहे तो शब्द टाइप करायचा आणि चौकटी कंसाच्या कळेने त्यातलं पहिलं किंवा शेवटचं अक्षर तेवढं उचलायचं. मायक्रोसॉफ्ट पिनयिनमध्ये ही सोय सेटिंगमधून चालू करता येते, सोगो या चिनी कीबोर्डमध्येही आहे. आणि अक्षर दिसतंय पण उच्चारच माहीत नाही, असं झालं तर आधी यू दाबून अक्षराच्या तुकड्यांचे उच्चार द्यायचे. तीन बैलांचं मिळून एक अक्षर आहे ना, ते 'बैल, बैल, बैल' असं तीनदा चिनीत म्हटलं की समोर येतं. कंपनीचं चिनी नाव, पत्ता, 'मालाचा तपशील सोबत जोडला आहे' असली रोजची वाक्यं मशीनच्या स्वतःच्या शब्दयादीत घालून ठेव, दोन-तीन अक्षरांत यायला लागतील. एवढ्यानेच तुझं निम्मं काम हलकं होईल बघ.

आता ती वाट.

तू जे वापरतेस ते पूर्ण पिनयिन. पिनयिन ही चीनची लिपी नव्हे, उच्चार रोमन अक्षरांत मांडायची सोय. 11 फेब्रुवारी 1958 ला तिथल्या राष्ट्रीय लोककाँग्रेसने ती मंजूर केली. ती घडवणाऱ्यांत चौ योउक्वांग यांचं नाव पहिलं घेतात. मूळचे अर्थशास्त्राचे, बँकेत काम केलेले, आणि 2017 मध्ये वयाच्या 111व्या वर्षी गेले. हाताखालचा कीबोर्ड घराघरात पोचलेलाही त्यांनी पाहिला. पण पिनयिन केली ती शाळेतल्या मुलांना आणि निरक्षर प्रौढांना प्रमाण उच्चार शिकता यावा म्हणून. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली गोष्ट पुढे बोटांच्या वाट्याला आली. म्हणून तर 'च्वांग' या एका दमातल्या उच्चाराला सहा कळा दाबाव्या लागतात: झेड, एच, यू, ए, एन, जी. दिवसभरात असे किती उच्चार येतात ते मोज एकदा. तुझं मनगट उगाच नाही कुरकुरत.

आता पाटीवर गिरवलेली बाराखडी आठव. क, का, कि, की, कु, कू. 'को' हा आवाज ऐकला की आपल्या मनात त्याचे दोन तुकडे पडतात, क आणि ओ. तिसरा पडत नाही. चिनी उच्चारही नेमका असाच बांधलेला आहे: पुढे एक व्यंजन, मागे स्वराची शेपटी. 'च्वांग' म्हणजे 'च' आणि 'वांग'. चिनी पंडितांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. 601 साली पुऱ्या झालेल्या 'छिएयुन' या कोशात उच्चार सांगायची रीतच ही आहे की एका अक्षराचं व्यंजन घ्या, दुसऱ्याची शेपटी घ्या, जोडा. पुढे त्यांनी आपल्या व्यंजनांची कंठ, दात, ओठ अशा स्थानांप्रमाणे यादी लावली, तेव्हा तर आपली संस्कृत वर्णमाला त्यांच्यासमोर होती. ती बौद्ध भिक्षूंनी तिकडे नेली होती. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून किती तरी वेळ नुसती बसून राहिले होते. परकी म्हणून जिची भीती वाटायची, त्या भाषेच्या घरात आपलीच एक ओळखीची फळी सापडली होती.

ही दोन तुकड्यांची मांडणी जशीच्या तशी कीबोर्डवर आणणारी पद्धत म्हणजे श्वांगफिन. जोड-पिनयिन म्हणू आपण. कुठलाही उच्चार असो, दोनच ठोके: पहिला व्यंजनाचा, दुसरा शेपटीचा. दोनाहून कमी नाही, जास्त नाही. कोणती शेपटी कोणत्या कळेवर, याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. मायक्रोसॉफ्टची आहे, 'च्रानमा' आहे, 'श्याओह' आहे. श्याओह म्हणजे छोटा क्रौंच. मी हीच वापरते, आणि तुलाही हीच सांगेन, कारण ती बऱ्याच ठिकाणी तयार मिळते आणि तिच्या कळा लवकर बोटांत बसतात.

तिच्यात काय आहे ते थोडक्यात सांगते, मग तक्ता बघ. साधी व्यंजनं आपापल्याच कळांवर राहतात. नवीन शिकायची फक्त तीन, जी पिनयिनमध्ये दोन-दोन अक्षरांनी लिहितात. झेडएच बसतो व्हीवर, सीएच आयवर, एसएच यूवर. याच कळा का? कारण पिनयिनमध्ये एकही उच्चार व्ही, आय किंवा यू या अक्षराने सुरू होत नाही. पहिल्या ठोक्याला त्या कळा रिकाम्याच असतात. दुसऱ्या ठोक्याला 'वांग' आणि 'यांग' या दोन्ही शेपट्या एलवर. एका कळेवर दोन शेपट्या बघून दचकू नकोस. ज्या व्यंजनाला 'यांग' लागतो त्याला 'वांग' कधी लागत नाही, त्यामुळे मशीनला संशयच येत नाही. आपल्याकडे 'ङ' ने शब्द सुरू होत नाही हे जसं कुणी न शिकवता माहीत असतं, तसं हेही भाषेनेच आधी ठरवून ठेवलंय. योजनेने त्याचा फायदा घेतलाय एवढंच.

आता तुझी पॅकिंग लिस्ट. 'च्वांग-श्यांग-तान'. पूर्ण पिनयिनमध्ये 14 अक्षरं. जोड-पिनयिनमध्ये व्ही-एल, एक्स-एल, डी-जे. सहा. गुणवत्ता हा शब्द तू दिवसातून पन्नास वेळा लिहीत असशील. तिथे आठाच्या जागी चार, व्ही-आय, एल-एल. उत्पादन, नऊच्या जागी चार. आणि आकड्यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो ठेका. प्रत्येक उच्चार सारख्या लांबीचा झाला की बोटांना ताल सापडतो. पूर्ण पिनयिनमध्ये कधी दोन ठोके, कधी सहा. त्यात बोटं सारखी अडखळतात आणि आपण दोष वेगाला देतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महाग पडली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पत्रात मला 'आराखडा' हा शब्द लिहायचा होता, 'फांग-आन'. रोमन अक्षरं सलग लिहिली की तोच 'फान-कान' असाही वाचता येतो, आणि त्याचा अर्थ होतो चीड, तिटकारा. मी घाईत होते, यादीतलं पहिलं घेतलं, पत्र गेलं. समोरच्या माणसाने तीन दिवस उत्तर दिलं नाही. नंतर समजावून सांगितलं, माफी मागितली, मिटलं. पण त्या तीन दिवसांत मला झोप लागली नव्हती. पूर्ण पिनयिनमध्ये असे जोड कुठे तुटतात हे मशीन अंदाजाने ठरवतं. नाहीतर मध्ये एकेरी अवतरणचिन्ह टाकून आपण सांगायचं असतं, आणि ते घाईत कुणी टाकत नाही. जोड-पिनयिनमध्ये 'आराखडा' एफ-एच, ए-एन, आणि 'तिटकारा' एफ-जे, जी-जे. दोघं एकमेकांच्या वाटेतच येत नाहीत. मी पद्धत बदलली ती वेगासाठी नव्हे, या एका पत्रासाठी.

मराठी मुलीला हे सोपं जातं असं मी म्हटलं त्याला बाराखडीखेरीज आणखी एक कारण आहे. वर्गात आपल्याला बी म्हणजे ब, डी म्हणजे द असं सांगून टाकतात. ते खरं नाही, आणि तुझा कान ते कधीच ओळखून बसला असेल. पिनयिनचा बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे फणसातला फ, ओठ मिटून काढलेला. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून तर त्यांची राजधानी त्यांच्या तोंडून 'पेइचिंग' ऐकू येते, आणि पिनयिनसुद्धा खरं तर 'फिनयिन'. पण सगळ्यात मोठी गंमत 'च'ची. आपल्याला दोन च येतात, चाकातला आणि चहातला. पिनयिनचा झेड म्हणजे चाकातला च. जे म्हणजे चहातला च. राहिला झेडएच, तो जीभ वर वळवून. माझ्यासोबत शिकणाऱ्या परप्रांतीय मुली या तिघांत महिनोन्महिने गोंधळायच्या, आणि आपल्याला त्यातले दोन आईच्या भाषेतूनच मिळालेले. हे धन वापर गं. जोड-पिनयिनमध्ये हे तीन उच्चार तीन वेगळ्या कळांवर आहेत, तेव्हा उच्चार पक्का नसेल तर लगेच उघडा पडतो. मशीनमध्ये अस्पष्ट उच्चार चालवून घ्यायची सोय असते, झेड आणि झेडएच एकच धरायची, एन आणि एल एकच धरायची. दक्षिण चीनच्या लोकांना ती लागते, कारण त्यांच्या बोलीत ते भेद नसतात. तू ती बंद ठेव. शिकतेयस तोवर चूक दिसलेली बरी.

आता वूबीबद्दल, कारण तुझ्या मनात लाइनवरच्या त्या बाई अजून बसलेल्या असणार. वूबी म्हणजे पाच फटकारे. वांग योंगमिन यांनी 1983 साली हनान प्रांतात ती पुरी केली. तिच्यात उच्चार लागतच नाही. आडवी रेघ, उभी रेघ, डावीकडे उतरणारी, ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी, आणि वळणारी, या पाच प्रकारांवरून कीबोर्डचे पाच भाग पाडले, झेड सोडून 25 कळांवर अक्षरांचे तुकडे वाटून दिले. कुठलंही अक्षर जास्तीत जास्त चार ठोक्यांत. नेहमीची 25 अक्षरं तर एक कळ आणि स्पेसबार, बस. 'चं-ची-चे' सारखं काम करणारं ते 'त' अक्षर नुसत्या आरवर. यादीत बघणं जवळजवळ नाहीच. म्हणून त्या बाईंचा वेग तुला जादू वाटतो. त्या काळात चीनमध्ये टायपिंगच्या क्लासांत मुली त्या तुकड्यांची गाणी पाढ्यांसारखी घोकायच्या. यंत्राची बुद्धी तेव्हा आजच्यासारखी नव्हती; पिनयिनने टाइप करायचं म्हणजे यादीत हरवून जायचं. त्या बाईंनी बहुधा तेव्हाच शिकून घेतलं असेल, आणि आज त्यांची बोटं त्या काळच्या कष्टांचं फळ खातायत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण तुझं काम वेगळं आहे. तू ऐकून लिहितेस. चिनी इंजिनिअर बोलतो, तू टिपतेस. मराठी सुपरवायझर बोलतो, तू मनात चिनी करून टिपतेस. तुझ्या डोक्यात आधी आवाज येतो. वूबीला आधी आकार लागतो. ज्यांना हस्तलिखित समोर ठेवून उतरवायचं असतं, दुर्मीळ नावं दिवसभर भरायची असतात, त्यांना ती सोन्याची. तुला ती प्रत्येक शब्दाला एक जास्तीचा जिना चढायला लावेल. शिवाय तिने पाडलेले तुकडे शब्दकोशातल्या मूलचिन्हांशी जुळतातच असं नाही. अक्षर मोडायची तिची रीत तिची स्वतःची आहे. आकार पक्के करायला म्हणून वूबी शिकावी असं कुणी सांगेल तर त्याला मी सांगेन, त्यापेक्षा हाताने लिहा.

उद्या तू तैवानला शिकायला गेलीस तर मात्र माझं हे सगळं बाजूला ठेव. तिकडे मुलं पहिलीत चूयिन शिकतात, 37 चिन्हं, पहिल्या चार चिन्हांवरून लाडाने पो-फो-मो-फो म्हणतात, आणि कीबोर्डवर तीच छापलेली असतात. त्यात सूरही टाइप करावा लागतो, ते मला फार आवडतं. हाँगकाँगला गेलीस तर त्सांगजिए आणि तिचं छोटं रूप भेटेल, फक्त पहिला आणि शेवटचा तुकडा देऊन यादीतून निवडायचं. त्सांगजिए चू पांगफू यांनी 1976 मध्ये केली आणि पुढे तिच्यावरचा हक्क सोडून दिला, म्हणून ती तिकडच्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर पोचली. असा माणूस आठवला की बरं वाटतं. बोलून टाइप करायचं म्हणशील तर शॉपफ्लोअरच्या आवाजात ते जमत नाही, आणि साहेबांसमोर मोठ्याने बोलून पत्र लिहिता येत नाही. तो विषय तिथेच संपला.

जोड-पिनयिनच्या उण्या बाजूही सांगते, नाहीतर नंतर म्हणशील ताईने फसवलं. पहिले दोन आठवडे तू आजच्यापेक्षाही हळू होशील. रडू येईल. तू आत्ता 'चीन' लिहायला नुसती दोन आद्याक्षरं दाबतेस ना, झेड-जी, तसले शॉर्टकट बरेचसे जातील, कारण आता दोन अक्षरं म्हणजे एक पूर्ण उच्चार. ज्यांची सुरुवात स्वराने होते त्या उच्चारांचे नियम वेगळे लक्षात ठेवावे लागतात. 'आन' तसाच ए-एन, पण 'आंग' ए-एच. आणि दुसऱ्याच्या मशीनवर बसलीस की पूर्ण पिनयिनच मिळणार, तेव्हा ती हातातून जाऊ देऊ नकोस. चिनी भाषेची एचएसके परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची असेल तर परीक्षेच्या महिनाभर आधी आपल्या जुन्या पद्धतीवर परत ये, तिथलं मशीन आपल्या मनासारखं मांडलेलं नसतं. महिनाअखेरीला, ऑडिटच्या दिवसांत सुरुवात करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत कर.

सुरुवात करताना तक्ता छापून स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटव. कळांवर स्टिकर लावायचा मोह होईल, लावू नकोस, मान खाली जाते ती जातेच. तुला आठवतं ना, टायपिंगच्या परीक्षेसाठी तू मराठी इनस्क्रिप्ट शिकलीस तेव्हाही हेच केलं होतंस. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि तिसऱ्या आठवड्यात तू म्हणाली होतीस, ताई, आता मला तक्ता दिसत नाही, नुसता आवाज येतो. तेच इथे होणार आहे. रोज पंधरा मिनिटं पुरे. पहिले चार दिवस फक्त त्या तीन व्यंजनांचे शब्द. मग एल, एम, जे, एच या कळांवरच्या शेपट्या, कारण कारखान्यातले शब्द त्यांनीच भरलेत. लिहायला काय घ्यायचं असं विचारशील तर पहिल्या वर्षाचं क्रमिक पुस्तक घे. धडे पाठ असतात, त्यामुळे डोकं भाषेत अडकत नाही, सगळं लक्ष बोटांवर राहतं.

आणि एक नाव रोज लिही. ख तीह्वा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली जे पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्या पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी हे 'ह्वा' आहे, ह्वा म्हणजे चीन. के-ई, डी-आय, एच-एक्स. मधलं 'ती' हे अक्षर फारसं भेटत नाही, सुटं शोधायला गेलीस तर यादीत पार खाली सापडतं. म्हणून नाव शब्दयादीत घालून ठेव. ते 1942 मध्ये तिथेच गेले, तिथल्याच मातीत आहेत. कुणी चिनी पाहुणे आले आणि तू महाराष्ट्राची असं सांगितलंस की त्यांतलं एखादं वयस्क माणूस हे नाव काढतंच. तेव्हा ते तुझ्या बोटांत असायला हवं.

सॉफ्टवेअर कुठलं, तर ऑफिसात मायक्रोसॉफ्टचंच ठेव. त्याच्या सेटिंगमध्ये पिनयिनचा प्रकार बदलता येतो, योजना निवडता येते, हवी ती नसेल तर कळ-कळ करून आपली आपण भरता येते. घरच्या मशीनवर रायम घालून बघ, फुकट आहे, उघड्या परवान्याचं आहे, मनासारखं वळवता येतं. त्याच्या विंडोजच्या आवृत्तीचं चिनी नाव कुंचल्याच्या एका जातीवरून घेतलंय, मॅकच्याही. मला ते वाचून फार समाधान वाटलं होतं. क्लाउडवरून शब्द सुचवणारी सोय मात्र ऑफिसच्या मशीनवर बंद कर. 2024 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने नऊ कंपन्यांचे असे पिनयिन कीबोर्ड तपासले, त्यांतल्या आठांमध्ये टाइप केलेला मजकूर वाटेत वाचता येईल असे दोष निघाले. बहुतेकांनी नंतर दुरुस्त केले. पण तुझ्या हातातून रोज दरपत्रकं जातात, ती कुठे बाहेर जायचं कारण नाही.

एक मात्र माझ्यासाठी कर. रोज अर्धं पान हाताने लिही. चिनी लोकांतच याला म्हण आहे, कुंचला उचलला आणि अक्षर विसरलं. पिनयिनने लिहिणाऱ्या सगळ्यांचं हे होतं, पूर्ण असो की जोड. माझं झालंय. गेल्या वर्षी फळ्यावर 'शिंक' लिहायला उभी राहिले आणि हात हवेत थांबला. वाचता येत होतं, म्हणता येत होतं, टाइप तर झटकन झालं असतं. तेव्हापासून झोपायच्या आधी ती चौकटीची वही उघडते. तुझी वही अजून आहे ना? माळ्यावर टाकली असशील तर काढ.

रविवारी ये. लॅपटॉप आण, चार्जर आण, सेटिंग मी करून देते. माझा तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, कडा फाटल्यात पण अक्षरं स्पष्ट आहेत, तो तुला देते. मला आता लागत नाही. आणि येताना ते मनगट गरम पाण्यात शेकून ये, त्या दिवशी फार बसवणार आहे मी तुला.